मॉडिफाय केलेल्या स्नोमोबिलला पिकअप नाही? आधी आरपीएमचा काटा बघा, मग पाना हातात घ्या

डेट्रॉइट, शिकागो, मिनिआपोलिस, टोरांटो या बाजूला राहणारे आपले बरेच लोक दोन-तीन हिवाळे घरात बसून काढतात आणि मग एक दिवस कुणाकडून तरी सेकंडहँड स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, घेऊन टाकतात. नवीन मशीन १२-१५ हजार डॉलरच्या पुढे जातं, म्हणून जुनं घेतात, आणि जुनं म्हटलं की आधीच्या मालकाने त्यात काहीतरी केलेलं असतंच. एक्झॉस्टचा पाइप बदललेला, सायलेंसरच्या जागी हलका कॅन, मागे लांब ट्रॅक (चाकांऐवजी फिरणारा रबरी पट्टा), हवा आत घेणाऱ्या एअरबॉक्सला भोकं, क्लचमध्ये कुठल्यातरी किटची वेट्स. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘पूर्ण मॉडिफाय, रॉकेट आहे’. घरी आणून पहिल्याच बर्फात रेस दिली की नुसता आवाज, गाडी आपली हळूहळू सरकतीये.

अशा वेळी आपला माणूस, त्यातही कॉलेजात आरएक्स १०० चालवलेला असेल तर विचारूच नका, पहिलं कार्बोरेटर खोलायला घेतो. तसं करू नका. स्नोमोबिलमध्ये इंजिन आणि ट्रॅक यांच्यामध्ये गिअरबॉक्स नसतो, बेल्ट आणि दोन क्लच असतात, आणि पिकअपच्या तक्रारींपैकी भरपूर तक्रारी तिथेच निघतात. ज्यांना कायनेटिक होंडा आठवतीये त्यांना कल्पना येईल, तीच पद्धत आहे, फक्त तिथे १०० सीसीचं इंजिन होतं आणि इथे ६०० नाहीतर ८०० सीसीचं टू-स्ट्रोक शंभरच्या वर हॉर्सपॉवर त्या बेल्टमधून ओढतं. इंजिनाकडचा तो प्रायमरी, ट्रॅककडचा तो सेकंडरी. प्रायमरीतली वेट्स वेगाने बाहेर फेकली जातात आणि बेल्टला चिमटीत धरून वर ढकलतात, सेकंडरीतली स्प्रिंग आणि हेलिक्स (तिरक्या उताराचा तुकडा) त्याला विरोध करतात. या ओढाताणीतून इंजिन एका ठराविक आरपीएमवर (मिनिटाला फेरे) थांबलं पाहिजे, जिथे त्याची ताकद सगळ्यात जास्त आहे. बहुतेक ६०० ते ८०० च्या टू-स्ट्रोकना पूर्ण थ्रॉटलला हा आकडा ८००० च्या आसपास असतो, नेमका तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. फोर-स्ट्रोकची गोष्ट निराळी, तिथला आकडा इथे लावू नका. आणि पाइप बदललेला असेल तर स्टॉकचा आकडाही विसरा, पाइपवाल्याने जो आरपीएम सांगितलाय तो धरायचा.

सुरुवात: नक्की काय काय बदललंय ते लिहून काढा

हे कंटाळवाणं काम आहे पण याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. साइडचे पॅनल काढा, मोबाइलने फोटो काढा. पाइपवर कंपनीचं नाव आणि नंबर असतो. क्लचच्या वेट्सवर आणि हेलिक्सवर आकडे कोरलेले असतात. ट्रॅकची लांबी रबरावर छापलेली असते, नाहीतर मोजा, आणि ट्रॅकवरचे रबरी दात किती उंच आहेत तेही मोजा, सव्वा इंच, दीड इंच की दोन इंच. जुन्या मालकाकडे काढलेले ओरिजिनल पार्ट खोक्यात पडलेले असतील तर ते मागून घ्या, लाजू नका, लोक देतात.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: ही मशीन आधी कुठे चालायची? कोलोरॅडो किंवा वायोमिंगच्या डोंगरातली मशीन मिशिगनला आणली तर तिची सगळी सेटिंग चुकीची ठरतात. दर हजार फुटांमागे टर्बो नसलेल्या इंजिनाची साधारण ३ टक्के ताकद कमी होते, म्हणजे ९००० फुटांवर पाव ताकद गेलेलीच असते. त्यामुळे तिथे क्लचमध्ये हलकी वेट्स लावतात आणि कार्ब असेल तर बारीक जेट (पेट्रोल सोडणारं भोक) टाकतात. लेक सुपिरिअरचं पाणी समुद्रसपाटीपासून साधारण ६०० फुटांवर. तिथे तीच मशीन आणली की हवा दाट, इंजिनाला ताकद जास्त, वेट्स हलकी, आरपीएम पार वर जातो आणि ओढ कमी. हे एकवेळ चालेल, पण बारीक जेटमुळे पेट्रोल कमी पडून पिस्टन जाम होईल ते महागात जाईल. तेव्हा कार्बवाली डोंगरी मशीन असेल तर जेटचे नंबर तपासेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊच नका. उलट बाजूने, मिशिगनची मशीन वेस्ट यलोस्टोनला ६६०० फुटांवर नेलीत की ती भडभडणार आणि आरपीएम गाठणार नाही, त्यात बिघाड काहीच नसतो. फ्युएल इंजेक्शनवाली मशीन पेट्रोलचं प्रमाण आपलं आपण सांभाळते, क्लच मात्र तिचाही आपणच बदलायचा.

इंजिन बंद ठेवून: मागे काही अडकतंय का?

मागची बाजू स्टँडवर उचला आणि ट्रॅक हाताने फिरवा. थोडा जड लागणारच, पण फिरला पाहिजे. कुठे घासल्याचा आवाज, कुठे अडकणं, बेअरिंगची खरखर. ब्रेक पूर्ण सुटतोय का बघा, हिवाळाभर मीठ-पाणी खाल्लेल्या कॅलिपरचा पिस्टन चिकटतो आणि ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो, चालवून आल्यावर डिस्क तापलेली असेल तर हेच. ट्रॅक फार ताणलेला असला तरी ताकद खातो, ढिला असला तर फिरवणाऱ्या चक्राच्या दातांवरून उडी मारतो. किती वजन टांगून किती झोळ पडला पाहिजे हे कंपनीगणिक वेगळं आहे, शेजाऱ्याच्या मशीनचा आकडा वापरू नका.

सकाळी पिकअप नाही आणि तासाभराने आहे असं होत असेल तर रात्री ट्रॅकवरच्या पत्र्याच्या बोगद्यात आणि सस्पेन्शनमध्ये साचलेला ओला बर्फ गोठलेला असतो. मागचा बंपर धरून आपटा, बर्फाचे ढेकळ पडतील. आणि नुसत्या टणक बर्फाच्या रस्त्यावर चालवत असाल तर ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो, त्या हायफॅक्सना ओलावा मिळत नाही, त्या तापून ट्रॅकला धरायला लागतात. त्यासाठी बर्फ खरवडून उडवणारे स्क्रॅचर मिळतात, स्वस्त आहेत, लावून टाका.

टेस्ट रन: तीन आकडे

आता मशीन गरम करा. गॅरेजचं दार बंद ठेवून नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस जातो. बाहेर दहा मिनिटं हळू चालवा म्हणजे बेल्टही गरम होईल, थंड बेल्टवर काढलेले आकडे कामाचे नाहीत. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी जॅकेटला अडकवलेली पाहिजे. जागा सपाट, मोकळी, दाबलेल्या बर्फाची. तळ्यावर करायचं असेल तर नवीन, स्वच्छ, घट्ट बर्फसुद्धा ५ ते ७ इंच जाड हवा, आणि वर पाणी साचलेलं किंवा पांढरट बर्फ असेल तर त्याहून बराच जास्त. मला विचाराल तर ट्रेलच (स्नोमोबिलची आखलेली वाट) बरी.

मीटरसमोर छोटा कॅमेरा लावा, कारण पूर्ण थ्रॉटलला काट्याकडे बघत बसलात तर झाडावर जाल. मग तीन आकडे टिपायचे: गाडी जागेवरून हलते तेव्हाचा आरपीएम, सुटल्यावर दोन-तीन सेकंदांनी किती, आणि टॉपला पोचल्यावर किती. दोन-तीनदा करा, एकदाच आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आरपीएम ठरलेल्या आकड्याच्या वर उडतोय आणि गाडी रेंगाळतीये, तर ताकद तयार होतीये पण खाली पोचत नाहीये. बेल्ट घसरतोय किंवा वेट्स हलकी आहेत, किंवा ट्रॅकच जागेवर फिरतोय. आरपीएम आकड्यापर्यंत पोचतच नाही, ७२००-७४०० ला अडकतोय, तर एक तर इंजिन कमजोर आहे नाहीतर क्लचने त्याच्यावर फार ओझं टाकलंय. टॉपचा आकडा बरोबर आहे पण उठतानाच मेल्यासारखी उठते, तर झिजलेला बेल्ट, गिअरिंग (सेकंडरी आणि ट्रॅकमधली चेन आणि चक्रं) किंवा मोठा ट्रॅक. आणि आधी चांगली ओढली, मग तीन-चार सेकंदांत आरपीएम गळला, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची भानगड आहे. बस, पुढे कुठे शोधायचं ते एवढ्यावर ठरतं.

बेल्ट: सगळ्यात आधी हाच

काहीही निघालं तरी बेल्टपासून सुरू करा कारण तो काढायला पाच मिनिटं लागतात. कडा चकचकीत काचेसारख्या झाल्यात का, एका ठिकाणी बारीक झालाय का (उभं राहून रेस दिली आणि ट्रॅक गोठलेला होता की बेल्ट एका जागी जळतो), दोरे सुटलेत का. मग रुंदी मोजा, मापाचा कॅलिपर नसेल तर घ्या, दहा-पंधरा डॉलरला मिळतो. मॅन्युअलमध्ये किमान रुंदी असते. बेल्ट झिजून अरुंद झाला की सेकंडरीत खाली बसतो, म्हणजे गाडी उठतानाच जणू वरच्या गिअरला असते, मग कितीही इंजिन खोला काही उपयोग नाही. बेल्टची वरची बाजू सेकंडरीच्या काठाला समतल किंवा किंचित वर दिसली पाहिजे. खाली गेलेली असेल तर आधी ते अॅडजस्ट करा. फार वर आणलात तर आयडलला गाडी आपोआप पुढे सरकेल, तेही नको. पार्ट नंबर पण बघा, दिसायला सारखा पण लांबीला थोडा वेगळा बेल्ट टाकलेल्या मशीन मी पाहिल्यात आणि त्यांचे मालक वर्षभर जेट बदलत होते.

नवा बेल्ट खोक्यातून काढून तसाच लावू नका, गरम पाणी आणि साबणाने धुऊन वाळवा. क्लचच्या चकत्या स्कॉचब्राइटने हलक्या हाताने घासून अल्कोहोलने पुसा, आणि मग तिथे तेलकट हात लावायचा नाही. पहिले पन्नासेक किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत चालवा.

आता मला सगळ्यात आवडणारी टेस्ट. जाड मार्कर घ्या, दोन्ही क्लचच्या आतल्या तोंडावर, मधल्या शाफ्टपासून बाहेरच्या काठापर्यंत एक सरळ रेघ ओढा. क्लचवरचा गार्ड परत लावा, गार्ड नसताना इंजिन चालूच करायचं नाही, तुटलेला बेल्ट किंवा क्लचचा तुकडा मांडीत शिरतो. एक पूर्ण थ्रॉटलची धाव घ्या, थांबा, इंजिन बंद करा, उघडून बघा. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. प्रायमरीवर अगदी काठापर्यंत पुसली असेल तर क्लच पूर्ण उघडतोय. वर बोटभर शाई तशीच शिल्लक असेल तर बेल्ट वर जातच नाहीये, म्हणजे क्लच किंवा गिअरिंग इंजिनाला पेलत नाहीये, नाहीतर इंजिनच कमजोर. त्याच वेळी चकतीचं तापमान हाताच्या पाठीने बघा. एक-दोन सेकंद टेकवता येत नसेल तर बेल्ट घसरतोय. आणि गार्डच्या आत काळी बारीक पूड साचलेली असेल तर बाकी पुरावा नको.

क्लचची सेटिंग

बेल्ट नीट आहे, चकत्या साफ आहेत, तरी आरपीएम चुकतोय तर आता वेट्स. नियम सोपा: वेट जड केलं की आरपीएम खाली येतो, हलकं केलं की वर जातो. पाइप लावल्यावर इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमला सरकली आणि क्लच मात्र स्टॉकच राहिला, हे मॉडिफाय मशीनमध्ये फार दिसतं. पाइप म्हणतो ८३०० ला ये, क्लच म्हणतो ७८०० च्या वर सोडणार नाही. मालकाला वाटतं पाइप बोगस आहे.

स्की-डू कंपनीच्या टीआरए प्रकारच्या प्रायमरी क्लचवर बाहेरच क्लिकर, म्हणजे आकड्यांचे स्क्रू असतात, १ ते ६. एक आकडा वर केला की साधारण २०० आरपीएम वाढतात, खाली केला की तेवढे कमी. नट पूर्ण काढायचा नाही, ढिला करून स्क्रू जरा बाहेर ओढायचा, फिरवायचा, बसवायचा, आणि तिन्ही क्लिकर एकाच आकड्यावर पाहिजेत, एकही वेगळा राहिला तर क्लच थरथरून स्वतःला खाईल. पोलारिस आणि बाकीच्यांत वेट्सच बदलावी लागतात, तिथेही तिन्ही एकाच वजनाची. किती ग्रॅमला किती आरपीएम हे क्लचवर अवलंबून आहे, म्हणून दोन-दोन ग्रॅमनेच सरका. वेट्स काढताना रोलर हाताने फिरवून बघा, एका बाजूला चपटे झालेले रोलर आणि ढिले झालेले बुशिंग हे जुन्या मशीनचं ठरलेलं दुखणं, आणि त्यावर वेटचा उपाय नाही. प्रायमरीची मुख्य स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, कंप्रेसर टूल नसेल तर क्लच उघडू नका, झाकण तोंडावर येतं. त्या कामाला दुकानात द्या, फार पैसे घेत नाहीत.

हेलिक्सला नवख्याने हात लावायची घाई करू नये. त्याचा कोन जास्त असला की गाडी पटापट वरच्या गिअरला जाते पण आरपीएम पडतो. कुणीतरी ड्रॅग रेससाठी लावलेला तीव्र कोनाचा हेलिक्स ट्रेलवर आणि लांब ट्रॅकवर मशीनला मारून टाकतो, तेव्हा खोक्यात ओरिजिनल असेल तर तो परत लावून एकदा चालवून बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वेट, स्प्रिंग आणि जेट एकाच संध्याकाळी बदलले तर सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मोठा ट्रॅक लावलाय?

१२० किंवा १२९ इंचाच्या जागी १४६ चा ट्रॅक आणि त्याला दोन इंची दात, हे मऊ बर्फात सुंदर चालतं. मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलामध्ये, किविनॉकडे एका हिवाळ्यात २०० इंचांच्या वर बर्फ पडतो, तिथे त्याला अर्थ आहे. पण तो ट्रॅक जड असतो आणि फिरवायलाच ताकद लागते, त्यात खिळे ठोकलेले असतील तर आणखी. म्हणून त्याच्यासोबत चेनकेसमधलं (चेन आणि चक्रांच्या डब्यातलं) गिअरिंग खाली आणावं लागतं, वरचं चक्र दोन-एक दातांनी लहान. टॉप स्पीड थोडा जातो, उठाव परत येतो. चेनची लांबी जुळते का ते आधी बघा. ट्रॅक बदलला आणि गिअर तसाच ठेवला ही अर्धवट मॉडिफिकेशन मला तरी सगळ्यात जास्त दिसते, कारण ट्रॅक बाहेरून दिसतो आणि गिअर दिसत नाही.

आता इंजिन

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच. पेट्रोल मागच्या सीझनचं असेल तर ते काढून ताजं भरा, मॅन्युअल ९१ ऑक्टेन म्हणत असेल तर ९१ च. पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या नळीला मुरड पडली की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल यायचं थांबतं, झाकण सैल करून चालवून बघा, सुधारलं तर तेच. फिल्टर, इंधन पंप त्यानंतर.

मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. स्की-डूमधल्या रोटॅक्स इंजिनाचं रेव्ह, पोलारिसचं व्हीईएस, नावं वेगळी, काम एकच, कमी आरपीएमला एक्झॉस्टचं तोंड लहान ठेवायचं आणि वर गेलं की उघडायचं. तेल आणि कार्बनने ती पाती चिकटते. बंद अवस्थेत चिकटली तर वरची ताकद जाते, उघडी चिकटली तर खालची. काढायला सोपं आहे, दोन-चार बोल्ट, पाती कार्ब क्लीनरने साफ करा, आणि तिच्यावरचं रबरी बेलोज प्रकाशासमोर ताणून बघा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी व्हॉल्व्ह उघडत नाही. नवं बेलोज स्वस्त आहे.

कार्बवाल्या मशीनचा एअरबॉक्स काढून टाकलेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे, परत लावा. मोकळ्या तोंडाने बर्फाची भुकटी आत जाते आणि हवा-पेट्रोलचं गणितही फिरतं. जेटचं वाचन असं: पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, मधे सुई, पाऊणच्या पुढे मेन जेट. जिथे अडखळते त्या थ्रॉटलला कोणता भाग काम करतो तो बघायचा. भडभड, प्लग काळा ओला, तर पेट्रोल जास्त. स्वच्छ आवाज पण ओढ नाही आणि प्लग पांढराफटक, तर कमी, आणि हे धोक्याचं, लगेच थांबा. कार्ब आणि इंजिनामधल्या रबरी बूटला चीर असली तरी हवा शिरून हेच होतं, म्हणून जेट विकत घ्यायच्या आधी बूट वाकवून बघा. थंडी वाढली की हवा दाट होते आणि पेट्रोल जास्त लागतं, शून्याला बरोबर असलेला जेट उणे २५ ला कमी पडू शकतो. शंका असेल तर मोठाच जेट ठेवा. थोडी सुस्त गाडी परवडते, जाम झालेला पिस्टन नाही.

शेवटी कम्प्रेशन. इंजिन गरम, दोन्ही प्लग काढून त्यांच्या वायरी अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांच्या वर फरक नको. फरक असेल तर सेटिंग बंद, चालवणंही बंद, हेड उघडून पिस्टन-रिंग बघावे लागतील आणि ते नवख्याचं पहिलं काम नव्हे. मेकॅनिककडे जाताना ते तीन आकडे, वेट्सचे नंबर, जेटचे नंबर आणि मार्करच्या रेघेचा फोटो घेऊन जा. नुसतं ‘पिकअप नाही’ सांगितलंत तर तो पहिले दोन तास तुमच्याच पैशाने हे सगळं शोधणार.

सगळं जुळलं की गार्डच्या आतल्या बाजूला टेप चिकटवून वेट, स्प्रिंग, जेट, बेल्ट नंबर आणि जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून ठेवा. आणि मग एखाद्या दिवशी आरपीएम शंभर-दीडशेने इकडेतिकडे दिसला तर पाना काढू नका. सकाळचा कोरडा भुसभुशीत बर्फ आणि दुपारचा ओला चिकट बर्फ यांत तेवढा फरक पडतोच. मऊ बर्फ उडून पाइपवर बसला की पाइप थंड पडतो, त्याचा जोराचा आरपीएम खाली सरकतो. दुसऱ्या दिवशी टणक ट्रेलवर परत बघा, बहुतेक आकडा जागेवर आलेला असतो.